चटणीची बरणी आणि बिनगुठळीचे पिठले
(इयत्ता चौथी)

आपल्या वर्गात स्वयंपाकाचा कंटाळा नाही असे फार थोडे जण आहेत. मलाही कंटाळाच आहे. भांडी, धूर, कांद्याचे पाणी, सगळे नको वाटते. पण भूक काय कंटाळा बघत नाही. म्हणून कमी त्रासात काय करता येते ते मी सांगणार आहे.

आपल्या कोल्हापूर भागात स्वयंपाक सोपा व्हायचे खरे कारण म्हणजे घरातली चटणी. परगावची माणसे चटणी म्हणजे ओली, वाटलेली समजतात. आपली चटणी म्हणजे कांदा-लसणाचे लाल तिखट. ती उन्हाळ्यात वर्षाची एकदाच करतात. तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची आणि लाल रंगासाठी ब्याडगी. दोन्ही गावे कर्नाटकात आहेत. मिरची वाळवायची, देठं काढायची (हे काम पोरांकडेच येते), धने, जिरे, तीळ, खोबरे, मेथी, लवंग, दालचिनी, दगडफूल भाजायचे, कांदा-लसूण घालायचा आणि डंकावर कुटून आणायचे. डंकाजवळ शिंका येऊन येऊन जीव जातो! मग चटणी बरणीत दाबून भरतात आणि मध्ये हिंगाचे खडे ठेवतात. बरणीत ओला चमचा घातला तर बुरशी येते, म्हणून आजी बरणीला कुणाला हात लावू देत नाही.

म्हणजे बघा, भाजणे-कुटणे सगळे आधीच झालेले असते. रोज मसाला करायला नको. आजी म्हणते, "बरणीत चटणी हाय न्हवं, मग कोरड्यासाची काळजी कशाला?"

गंमत म्हणजे मिरची मूळची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी ती आपल्या देशात आणली. त्याआधी तिखटाला मिरी वापरत.

ज्यांना गॅसजवळ जायचेच नाही त्यांनी चुरमुरे घ्यावेत. त्यात कच्चे तेल, चटणी, मीठ आणि कांदा कालवावा. झाले. विळीची भीती वाटत असेल तर कांदा पाटावर ठेवून बुक्कीने फोडावा. मी तसेच करतो. तिखट जास्त झाले तर पाणी पिऊन उपयोग नाही. तोंड भाजवणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावे.

आता पिठले. घरात मोठे माणूस असेल तरच गॅस पेटवायचा. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी. पुष्कळांचे पिठले इथेच बिघडते. उकळत्या पाण्यात कोरडे पीठ टाकले की गोळ्याची बाहेरची बाजू लगेच शिजून चिकट होते. मग पाणी आत जात नाही आणि मधले पीठ कोरडेच राहते. तीच गुठळी. म्हणून पीठ गार पाण्यात कालवावे, तेही आधी थोड्या पाण्यात. घट्ट असताना गुठळ्या बोटाने मोडतात, पातळ झाल्यावर त्या पळतात.

कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरे, मग कांदा. कांदा मऊ झाल्यावर आच बारीक करून हळद आणि एक चमचा चटणी. चटणी तापल्या तेलात आधी टाकली तर करपते आणि सगळे घर खोकते. लगेच कालवलेले पीठ ओतावे, मीठ घालावे आणि हात न थांबवता ढवळावे. घट्ट होऊन बुडबुडे फुटू लागले की झाकण ठेवून पाच मिनिटे बारीक आचेवर. बुडबुडे उडतात, तोंड लांब ठेवा. कच्च्या पिठाचा वास गेला की पिठले तयार.

आमची आई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाते. ती दिवस मावळल्यावर येते. पूर्वी जेवायला नऊ वाजायचे आणि धाकटी बहीण बऱ्याचदा उपाशीच झोपायची. आता आजी समोर बसते, मी पिठले करतो आणि आई आल्यावर भाकरी तेवढी थापते. आम्ही आठला जेवतो.

काही मुले म्हणतात, हे पोरींचे काम. मग जत्रेत मोठ्या पातेल्यातला रस्सा कोण ढवळते? सगळे बाप्येच की! आणि हे साधे खाणे कमी समजू नका. १९९५ साली महाराष्ट्र सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली होती. ती पुढे बंद पडली. झुणका म्हणजे पिठल्याचा कोरडा भाऊ. त्याला पाणी कमी लागते, पण तो मला अजून नीट जमत नाही, म्हणून लिहीत नाही.

कढईच्या तळाला जी खरपूस खरवड लागते, ती उलथन्याने काढून खावी. आमच्या घरी ज्याने पिठले केले त्यालाच ती मिळते. बहीण मागते, तिला अर्धी द्यावी लागते.