आधी ठरवून ठेवलेली उत्तरं

मागच्या टर्मला लाइट्स आउटनंतर नूडल्स शिजवल्याच्या संशयावरून मला आणि माझ्या शेजारच्या बेडवरच्या मित्राला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारले गेले. उत्तरं आम्ही रात्रीच ठरवून ठेवली होती. चौथ्या प्रश्नाला ती संपली. एक्स्ट्रा ड्रिल झाली.

नंतर लायब्ररीत जॉन बेलबद्दल वाचलं आणि हसूच आलं. त्याने निसर्गाची अशीच उलटतपासणी सुचवली होती.

एकाच ठिकाणाहून निघालेले दोन जुळे फोटॉन विरुद्ध दिशांना जातात. दोघांच्या वाटेत एकाच कोनात पोलरायझर धरला, तर दोघंही आरपार जातात किंवा दोघंही अडतात. क्वांटम सिद्धांताच्या नेहमीच्या अर्थानुसार मोजण्याआधी हे उत्तर ठरलेलंच नसतं. आइन्स्टाइनला असलं काही पटेना. १९३५ मध्ये पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह त्याने लिहिलं, की सिद्धांत अपुरा आहे. म्हणजे कण उत्तरं सोबत घेऊनच निघत असणार, आपल्याला ती दिसत नाहीत एवढंच. या न दिसणाऱ्या उत्तरांना गुप्त चल म्हणतात. मलाही आइन्स्टाइनचंच खरं वाटलं होतं.

१९६४ मध्ये बेलने हे तपासायची युक्ती काढली. (तेव्हा तो सर्नमधून रजेवर होता. आपण रजेत काय करतो ते जाऊ दे.) सोप्या रूपात ती अशी: पोलरायझरचे तीन कोन घ्या, ०, ६० आणि १२० अंश. म्हणजे प्रश्न तीन, पण उत्तरं दोनच, हो किंवा नाही. मग ठरवून आणलेल्या तीन उत्तरांपैकी निदान दोन सारखी असणारच. वहीत आठही शक्यता मांडून बघा. म्हणून जुळ्यांना वेगवेगळे प्रश्न कसेही विचारले, तरी निदान एक तृतीयांश वेळा उत्तरं जुळायलाच हवीत. क्वांटम सिद्धांत मात्र कॉस ६० चा वर्ग सांगतो, म्हणजे फक्त पाव. ठरवून आलेल्यांना इतकं कमी जुळवणं जमणारच नाही!

क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी १९७२ मध्ये, अस्पे यांनी १९८२ मध्ये प्रयोग केले. निकाल क्वांटमच्या बाजूने लागला. पण एका खोलीतून दुसरीत निरोप गेला असेल तर? २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रॉनांवर प्रयोग झाला. तेवढं अंतर कापायला प्रकाशालाही चार मायक्रोसेकंदांहून जास्त लागतात, आणि मोजमाप त्याआधीच संपलं होतं. निकाल तोच.

तरी गुप्त चल पूर्ण मेले नाहीत. डेव्हिड बोमच्या १९५२ च्या सिद्धांतात ते आहेत आणि त्याचे आकडेही क्वांटमशी जुळतात. पण तिथे एका कणावर दूरच्या दुसऱ्या कणाचा परिणाम तत्क्षणी होतो, आणि आइन्स्टाइनला नेमकं हेच नको होतं.

माझ्या मित्राला बोम पटतो. मला अजून नाही. वाद चालू आहे, पण आता लाइट्स आउटच्या आधी.