कॅमेऱ्याची किंमत आणि कॅमेऱ्याचे मोल

शहापूर-मुरबाडकडे आता लग्न, साखरपुडा, बारसे यांपैकी कोणताही समारंभ छायाचित्रकारावाचून पार पडत नाही. त्यामुळे या धंद्यात पडू पाहणारी तरुण मंडळी गावोगाव दिसतात. डिजिटल कॅमेरा घ्यावयाचा तर कोणता, असे त्यांनी विचारले की कोणी रेंजफाइंडरची थोरवी सांगतो, कोणी मिररलेसचे गुण गातो. वस्तू कर्ज काढून घ्यावयाची असेल, तर दोन्हींचे मोल स्वतः तपासून पाहणे बरे.

प्रथम रेंजफाइंडर म्हणजे काय ते पाहू. नाकासमोर बोट धरावे आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटावा. बोट सरकल्यासारखे दिसते. जवळ असेल तर अधिक, दूर असेल तर कमी. या सरकण्यावरूनच अंतर कळते. रेंजफाइंडर कॅमेऱ्याला असेच दोन डोळे, म्हणजे दोन खिडक्या असतात. दोहोंतून आलेली चित्रे मध्यभागी एकमेकांवर पडतात. भिंगाचे कडे हाताने फिरवीत ती दोन्ही एकरूप केली, की नेम बरोबर बसला असे समजावे.

या जातीची कीर्ती उगाच झालेली नाही. लायकाने १९३२ साली अंतरमापक आतच बसविलेला कॅमेरा काढला आणि १९५४ साली त्याचा प्रसिद्ध ‘एम-३’ आला. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना भेटले, ते हत्येपूर्वी काही वेळच. पुढे अंत्ययात्रेची त्यांनी घेतलेली चित्रे जगभर गेली. त्यांच्या हाती लायकाच असे. डिजिटल रेंजफाइंडर मात्र फार उशिरा आला. एप्सनचा पहिला २००४ साली, लायकाचा २००६ साली.

मिररलेसची रीत वेगळी. पूर्वीच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेले चित्र आरशावरून डोळ्याकडे वळविले जाई. तो आरसाच येथे काढून टाकला आहे. भिंगाने टिपलेले चित्र खिडकीतल्या चिमुकल्या पडद्यावर दिसते. या जातीचा एक आरंभीचा कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ साली काढला. आजचे मिररलेस माणसाचा डोळा हुडकून त्यावर आपोआप नेम धरतात.

आता ही दोन्ही यंत्रे आपल्या मुलखात आणून पाहू. पौषातल्या म्हसा यात्रेच्या बैलबाजारात रेंजफाइंडर शोभून दिसेल. त्याच्या खिडकीत चौकटीबाहेरचेही दिसत असल्यामुळे कोण आत येत आहे, कोण बाहेर जात आहे, हे आधीच कळते. परंतु तानसा अभयारण्यात २०१४ साली आढळलेला दुर्मिळ रानपिंगळा टिपावयाचा तर लांब पल्ल्याचे भिंग हवे, आणि लायकाच्या चौकटी १३५ मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. साधारण ७० सेंटिमीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर त्याचा अंतरमापक चालत नाही. म्हणजे नवरीच्या हातावरची मेंदी जवळून टिपणेही कठीण. शिवाय हादऱ्याने अंतरमापक बिघडला, तर तो जुळवून देणारा कारागीर तालुक्याच्या गावी कोठून मिळणार? मिररलेसला या अडचणी नाहीत. फक्त पडदा सतत चालू असल्यामुळे तो वीज खातो. जादा बॅटरी जवळ बाळगली म्हणजे झाले.

किमतीचे पाहावे तर २०२२ साली लायका ‘एम-११’ अमेरिकेत ८,९९५ डॉलरांना निघाला. त्याच वर्षीचा कॅननचा मिररलेस ‘आर-६ मार्क-२’ २,४९९ डॉलरांना. दोन्ही किमती भिंगाशिवायच्या. म्हणजे एकाच्या पैशात दुसऱ्या जातीचे तीन येऊन वर काही उरेल.

यावर कोणी म्हणेल, “लायका पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.” फिल्मवर चालणाऱ्या एम-३ विषयी हे खरे आहे. पण डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात विजेची यंत्रणा असते आणि तीही जुनी होतेच. लायकाच्या २००९ सालच्या ‘एम-९’ मध्ये चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरची काच गंजू लागली आणि अनेकांना सेन्सर बदलून घ्यावे लागले. आजोबांची टिकाऊ प्रकृती नातवात उतरलेली नाही.

टिकते ते भिंग. १९५४ चे भिंग आजच्या लायकाला बसते, आणि जोडकडे लावून मिररलेसलाही बसते. त्याचे कारण साधे आहे. लायकात भिंगाची बैठक फिल्मपासून २७.८ मिलिमीटरवर असते, मिररलेसमध्ये बहुधा १६ ते २० वर. मधल्या जागेत जोडकडे मावते. मात्र नेम हातानेच धरावा लागतो, आणि काही रुंद दृष्टीच्या भिंगांची चित्रे कडेला धूसर होतात. पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून भिंग कोरड्या डब्यात ठेवणे हेही आपल्याकडे आवश्यकच.

तात्पर्य, ज्याला लग्नसराईच्या मिळकतीतून हप्ते फेडावयाचे आहेत त्याने मध्यम किमतीचा मिररलेस घ्यावा आणि वाचलेला पैसा चांगल्या भिंगात घालावा. ज्याचा संसार मार्गी लागला आहे आणि ज्याला सावकाश, हाताने नेम धरण्यात आनंद वाटतो, त्याने रेंजफाइंडर अवश्य घ्यावा. हौसेलाही मोल असते. फक्त ते कर्जाच्या पैशाने मोजू नये.