कावेरी निवळली की

बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर, भीमेश्वरीला कावेरी खडकांतून वाट काढते. पावसाळ्यात फुगलेली, लालसर गढूळ. जानेवारीनंतर पाणी उतरतं, निवळतं. पिसांची बनावट माशी गळाला बांधून महसीर पकडणाऱ्यांचा हंगाम हाच असायचा, कारण माशाला ती दिसली तर पाहिजे! इथल्या अभयारण्यातली ही हौस आता बंद आहे, आणि ते बरंच झालं. १९४६ मध्ये काबिनी या कावेरीच्या उपनदीत १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता; आज इथला कुबडवाला महसीर अतिसंकटग्रस्त आहे. त्याचं ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नावही २०१८ मध्येच निश्चित झालं. त्याच्या ऱ्हासाला धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणं आहेतच. शिवाय लोणावळ्यात वाढवलेली निळ्या परांच्या महसीरची पिल्लं ‘संवर्धन’ म्हणून कावेरीत सोडली गेली. त्यांनीच मूळ रहिवाशाला मागे रेटलं, असा संशोधकांचा संशय आहे.