टाकींतील चौथा हिस्सा

मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या टाकींत तेल किती उरलें म्हणजे पुन्हां भरावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला असतां ट्रॅक्टर बांधावर थांबला, अथवा रात्रीं रोगी घेऊन नांदेडास निघालेली गाडी लोह्याच्या अलीकडे अडली, तर नुकसान केवळ तेलाचें नसतें. म्हणून या विषयाचा थोडक्यांत विचार करणें अवश्य आहे.

हल्लींच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत तेल पुढें ढकलणारा विजेचा पंप टाकीच्या आंतच असतो, आणि पेट्रोलच त्यास थंड ठेवितें. पातळी वारंवार तळाशीं नेल्यास हा पंप तापतो व त्याचें आयुष्य घटतें. शिवाय माहूरगडासारख्या चढणीवर थोडें उरलेलें तेल टाकीच्या एका बाजूस जातें आणि पंपाच्या तोंडाशीं हवा येते.

टाकी खालीं गेली म्हणजे तळचा गाळ इंजिनांत जातो, अशी कित्येकांची समजूत आहे. ती अर्धीच खरी; कारण पंप नेहमींच तळाजवळून तेल घेतो, व गाळणी त्यासाठींच बसविलेली असते. पाण्याची गोष्ट मात्र निराळी. रिकाम्या जागेंतील दमट हवा रात्रीं थंड होऊन टाकीच्या आंत दंव धरतें. डिझेलांत हें पाणी तळाशीं बसून गंज आणितें. पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. आपल्या उंसापासूनही होणारें हें इथेनॉल पाणी शोषून घेतें; पाणी मर्यादेपलीकडे गेल्यास दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळीं होतात व तळाशीं बसतात.

ट्रॅक्टरचे बाबतींत अधिक जपावें. डिझेल पुरतें संपलें कीं नळींत हवा शिरते, आणि नुसतें डिझेल ओतून इंजिन चालू होत नाहीं. हवा काढीत बसावें लागतें. पेरणीच्या दिवसांत असा अर्धा दिवस कोणास परवडेल? नव्या इंजिनांतील जोरदार दाबाच्या पंपास डिझेल हेंच वंगण असल्यामुळें तो कोरडा चालल्यास झिजतो, आणि त्याची दुरुस्ती महाग पडते. यास्तव सायंकाळीं काम आटोपतांच टाकी भरून ठेवावी, म्हणजे दंव धरण्यास जागाच उरत नाहीं.

कारण केवळ यंत्रांतच असतें असेंही नाहीं. नव्या न्यायसंहितेंतील अपघातविषयक कलमाविरुद्ध १ व २ जानेवारी २०२४ रोजीं मालमोटार व टँकर चालकांनीं काम थांबविलें, तेव्हां महाराष्ट्रांतील अनेक शहरांत पेट्रोल-पंपांवर लांब रांगा लागल्या. ज्यांची टाकी आधींच निम्मी होती, त्यांस त्या रांगेंत उभें राहण्याचें कारण नव्हतें.

आतां हिशेब पाहूं. ३५ लिटरांची टाकी व लिटरास १८ किलोमीटर चाल धरल्यास चौथ्या हिश्श्यावर सुमारें दीडशें किलोमीटर जातां येतें. ओझें, चढ व वातानुकूलन यांनीं हा आंकडा घटतो. भरल्या टाकीचें ओझें होतें, ही शंका निरर्थक आहे. पेट्रोलाचें वजन लिटरास पाऊण किलोच्या आसपास असतें. वीस लिटर जादा म्हणजे पंधरा किलो, एका लहान मुलाएवढें. टाकी चौथ्या हिश्श्यावर भरली काय किंवा तळाशीं गेल्यावर भरली काय, महिन्याचा खर्च तोच राहतो.

२०१६ सालीं मांजरा धरण आटून लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें कोणी विसरलेलें नाहीं. धरणाच्या तळच्या ज्या पाण्यास मृतसाठा म्हणतात, तें डोळ्यांस दिसतें, पण उपयुक्त सांठ्यांत धरीत नाहींत. सूचक दिवा लागल्यानंतरचें तेलही तसेंच समजावें. दिवा किती तेलावर लागतो हें प्रत्येक गाडींत निराळें असतें; तें गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत पाहून ठेवावें.

सारांश, नेहमीं चौथा हिस्सा उरतांच भरावें. पेरणी, सुगी, पावसाळा, लांबचा प्रवास किंवा घरीं आजारी माणूस असल्यास निम्म्यावरच भरावें. पंपाची नळी आपोआप बंद झाली कीं थांबावें. कांठोकांठ भरूं नये. गैरसोय टाळण्यासाठीं पेट्रोल डब्यांत भरून घरांत ठेवूं नये. त्याची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते व चुलीपर्यंत पोहोंचते. बियाण्याची ज्वारी आपण दळण्यास काढीत नाहीं. टाकींतील चौथा हिस्साही त्याच नियमानें राखावा.