किरणांच्या वाटेवरचं कोल्हापूर

कोल्हापूरकर वर्षभर ज्याची वाट बघतात, त्या सोहळ्याला तिकीट नाही. 9, 10 आणि 11 नोव्हेंबर, आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, गाभाऱ्यात पोचतात आणि अंबाबाईच्या मूर्तीवर चढत जातात. परंपरेनं पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुखमंडल. सगळा खेळ काही मिनिटांचा. आभाळात ढगाचा एक तुकडा आला तरी गाव हळहळतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर चर्चा एकच असते: "काल कुठवर आली किरणं?" "गुडघ्यापर्यंत." "बघू की आज."

शतकांपूर्वी ज्यांनी हे मंदिर बांधलं, त्यांनी सूर्याची वाट मोकळी धरली होती. ती मोकळी राहील तरच किरणं आत येणार. मधल्या काळात या वाटेवर इमारती उठल्या, काही मजले उंच झाले आणि किरणं अडायला लागली. त्याची मोजमापं झाली, अडथळ्यांच्या याद्या झाल्या, काही अडथळे हटवलेही गेले. देवीच्या दर्शनासाठी मोकळ्या आभाळाचा हिशेब मांडणारं हे शहर मला फार जवळचं वाटतं. कोल्हापुरात जे बघण्यासारखं आहे ते बहुतेक असंच आहे, उघड्यावरचं आणि सगळ्यांचं.

हे मी विद्यार्थी असताना शिकलो. आजऱ्याकडून कॉलेजसाठी आलो तेव्हा वसतिगृहात राहायचो. मेसचे पैसे भरले की खिशात उरायचं ते एसटीच्या भाड्यापुरतं. सिनेमा महिन्यातून एखादा. बाकी संध्याकाळी पायांना काम. दर दोनेक महिन्यांनी माझे वडील, अण्णा, गावाकडून यायचे, फडक्यात भाकरी, झुणका आणि ठेचा बांधून. त्यांना हॉटेलात बसवायची माझी ऐपत नव्हती आणि त्यांना बसायचंही नसायचं. "चल, गाव दाखव," म्हणायचे. मी दाखवायचो. आज कुणी पाहुणे आले की मी त्यांना त्याच वाटेनं नेतो.

सुरुवात दसरा चौकातून. मधोमध राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे, पण पुतळ्याकडे बघून झालं की भोवती बघावं. या परिसरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं आहेत. 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू झालं आणि पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहत गेली. महाराजांनी जागा दिल्या, मदत दिली. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर त्याला आधी डोक्यावर छप्पर पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा या चौकात त्यांनी पायातल्या वहाणा काढून पुतळ्याला हात जोडले होते. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. याच चौकात विजयादशमीला शाही दसरा होतो. सीमोल्लंघन होतं, सोनं लुटतात, आणि ते बघायला कुणीही यावं, कुठंही उभं राहावं.

तिथून बिंदू चौक चालत जवळ आहे. जुन्या कोटाची भिंत इथं अजून उभी आहे आणि तिच्या आडोशाला तुरुंग आहे. पण या चौकाचं मोल वेगळ्याच गोष्टीत आहे. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे इथं 9 डिसेंबर 1950 रोजी बसवले गेले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते. माणूस हयात असताना त्याचा पुतळा चौकात उभा करायचा, तोही त्या काळी, याला गावाची छाती लागते. आजही कोल्हापूरच्या राजकारणात कुणाला ललकारायचं असेल तर "या बिंदू चौकात" म्हणतात. हिशेब मागायचा तो उघड्यावर, लोकांसमोर.

भवानी मंडपात फार वेळ घालवायची गरज नाही. नगारखान्याखालून आत यावं, जुन्या राजवाड्याची भव्यता बघावी, तुळजाभवानीचं दर्शन घ्यावं आणि मागच्या बाजूनं खासबागेकडं निघावं. माझ्या दृष्टीनं कोल्हापूर खरं इथं सुरू होतं.

1902 साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं. राजे लोक परदेशातून झुंबरं आणतात, गालिचे आणतात. महाराजांनी कुस्तीच्या मैदानाचा आराखडा डोक्यात घेऊन परत येणं पसंत केलं. 1912 साली खासबाग मैदान तयार झालं. मधोमध हौदा आणि त्याच्या चारी अंगांनी वर चढत जाणारी बैठक. तीस हजारांवर माणूस बसतं असं सांगतात. आकड्यापेक्षा मला त्याची रचना मोठी वाटते. सगळ्यात मागं, सगळ्यात वर बसलेल्या माणसालाही हौद्यातली पकड दिसते. पुढच्याच्या पटक्यामुळं कुस्ती अडत नाही. त्या काळात बसण्याच्या जागेवरून माणसाची पत ठरायची आणि महाराजांनी मात्र शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याची नजर मोजून मैदान आखलं.

मोठ्या मैदानाच्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी आवार उघडं असेल तेव्हा जावं आणि वरच्या पायरीवर बसावं. दुपारी कुणी नसतं. मी अण्णांना पहिल्यांदा इथं आणलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हितनं सगळंच दिसतंय की."

मैदानाला लागूनच महाराजांनी नाट्यगृह बांधलं. 14 ऑक्टोबर 1915 रोजी पॅलेस थिएटर म्हणून ते खुलं झालं आणि पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या दिवशी नटांबरोबर असंख्य साधी माणसं त्या भिंतींसमोर येऊन रडली. कुणाचं लग्न ठरलं होतं तिथल्या नाटकाच्या मध्यंतरात, कुणी शाळेच्या गॅदरिंगला त्या रंगमंचावर उभं राहिलं होतं. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम हाती घेतलं गेलं. मी जाताना दर वेळी थांबतो, किती वर आलं ते बघतो.

खासबागेच्या आसपास पोटाची सोय होते. भेळ, वडा, मिसळ. कोल्हापुरात मिसळ पावाबरोबर नव्हे, ब्रेडच्या स्लाइसबरोबर मिळते आणि कट वेगळा मागता येतो. दिवसभराच्या भटकंतीत एवढाच काय तो खर्च.

तालमी बघायच्या असतील तर मात्र पहाटे उठावं लागेल. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं कुस्तीच्या माणसाला देवळांसारखी आहेत. वस्तादांना विचारावं, चपला बाहेर काढाव्यात आणि भिंतीला टेकून गप्प उभं राहावं. लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. तो वास नाकात गेला की पुढं कित्येक दिवस जात नाही. पोरं जोर-बैठका काढतात, एकमेकांना मातीत लोळवतात, उठवतात. यातली बरीचशी खेड्यातून आलेली असतात, खोलीत स्टोव्हवर स्वतःचा खुराक स्वतः रांधतात. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले इथल्या राजाराम कॉलेजात. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं, ही हकीकत कोल्हापुरात आजही घरातल्या गोष्टीसारखी सांगितली जाते.

तालमीतून बाहेर पडलं की गंगावेशीतला दूधकट्टा. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या. पेला पुढं करायचा आणि धार थेट पेल्यात. फेसाळ, कोमट, धारोष्ण. आमच्या वेळी आम्ही पोरं पैज लावून पीत असू. फुकट नाही, पण याच्याइतकी स्वस्त मेजवानी शहरात दुसरी नाही.

गंगावेशीतून सरळ उतरत गेलं की पंचगंगेचा घाट. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशा पाच नद्यांची ही एक नदी. दगडी पायऱ्या, पाण्याकडं तोंड केलेली लहान देवळं, पलीकडं ब्रिटिश काळातला कमानींचा शिवाजी पूल. सकाळी पोहणारी पोरं, दशक्रियेला बसलेली माणसं, पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य देणारे म्हातारे. पावसाळ्यात ही देवळं पाण्याखाली जातात. तेव्हा सगळं गाव राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ सांगतं: इशारा 39 फुटांवर, धोका 43 फुटांवर. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळ साचतो आणि तो काढायला खराटे घेऊन आसपासच्या गल्ल्यांतली तरुण मंडळं उतरतात.

हीच मंडळं त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर हजारो पणत्या लावतात. वर्षातला एकच दिवस निवडायचा असेल तर मी हा निवडेन. अंधारात पायऱ्या दिसत नाहीत, नुसत्या उजेडाच्या ओळी दिसतात. वारा आला की एखादी ओळ विझते आणि कुणीतरी वाकून पुन्हा लावतं.

घाटाच्या जवळ ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. वर चढावं, नदीकडं बघावं. इथल्या उत्खननातून दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा पत्ता लागला, आणि इथंच सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. ग्रीकांचा समुद्रदेव समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावरच्या या गावात व्यापाऱ्याच्या सामानातून आला. संग्रहालयाला छोटं तिकीट आहे. ते जरूर काढावं आणि मग बाहेरच्या बागेत जुन्या झाडांखाली बसावं. नवा राजवाडा लांबून बघितला तरी चालतो. मेजर मँटनं आखलेली ती इमारत बाहेरूनच जास्त देखणी आहे.

आणि मग संध्याकाळ. संध्याकाळ रंकाळ्याची.

रंकाळा मुळात दगडाची खाण होती, अंबाबाईच्या देवळाचा दगड इथलाच, असं म्हणतात. पुढं भूकंपात जमीन खचली आणि पाणी भरलं. तलावाला पूर्ण फेरी मारली तर चार किलोमीटरांहून थोडं जास्त चालणं होतं. कडेला पदपथ आहे, बाग आहे, पोरांना खेळायला जागा आहे. पाणी उतरलं की संध्यामठ वर येतो. समोरच्या काठावर 1930 च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस, आपल्या घड्याळाच्या मनोऱ्यासह. संध्याकाळी इथं अवघं कोल्हापूर असतं. नुकतं लग्न झालेली जोडपी, निवृत्त शिक्षकांचे कट्टे, फुगेवाले, आजीचा हात धरलेली नातवंडं. दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील, तर या कठड्यामुळं त्या घराला सातवी खोली मिळते.

म्हणून रंकाळ्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं तेव्हा मला तो घरावरचा घाला वाटतो. काही वर्षं तलावभर जलपर्णी पसरली होती, पाण्याला वास यायचा, माणसं नाकाला रुमाल लावून फिरायची. ओरड झाली, कामं झाली, अजूनही पुरती झालेली नाहीत. ज्या जागेचं कुणी तिकीट काढत नाही, तिच्याबद्दल तक्रार करायला कुणी पावती घेऊन जात नाही. तिथं गावानंच सतत उभं राहावं लागतं, आणि कोल्हापूर अनेकदा राहिलंय.

रेल्वे स्थानकावरून भवानी मंडप दोनेक किलोमीटरांवर आहे. केएमटीची बस आहे, चालतही जाता येतं. पहाटे तालीम आणि घाट, सकाळी अंबाबाई, ऊन चढायच्या आत दोन्ही चौक आणि खासबाग, दुपारी टाऊन हॉलची सावली, संध्याकाळी रंकाळा. एका दिवसात होतं, पण दोन दिवस काढावेत.

गेल्या नोव्हेंबरात किरणोत्सवाच्या संध्याकाळी मी मंदिरातल्या गर्दीत गेलो नाही. रंकाळ्याच्या पूर्वेच्या काठावर, जिथं अण्णा आणि मी फडकं सोडून भाकरी खायचो, त्या पायरीवर बसलो होतो. समोर सूर्य खाली येत होता. माझ्यामागं, घरांच्या पलीकडं, हाच उजेड गाभाऱ्याकडं निघाला असणार. शेजारी एक आजोबा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा फोन वाजला. मंदिरातून कुणीतरी सांगत होतं. त्यांनी फोन कानाला लावून ठेवला, डोळे पाण्यावरच्या उजेडावर, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोचली. कमरेच्या वर गेली."