फुगणाऱ्या मातीवरचा आळ

उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पावसात फुगते आणि भेगा बुजतात, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्या मातीतले स्मेक्टाइट आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून घेते. म्हणूनच तेलाच्या वालुकाश्मात गोडे पाणी शिरले आणि तेल आटले, की पहिला संशय फुगणाऱ्या मातीवर जातो. माझ्या मते हा आळ पुष्कळदा भलत्याच खनिजावर येतो. ओहायोतला बेरिया वालुकाश्म हा प्रयोगशाळांचा लाडका दगड. त्यातली माती मुख्यतः केओलिनाइट, म्हणजे न फुगणारी. या दगडाच्या कांडीतून आधी तीन टक्के मिठाचे पाणी सोडतात. तोवर सगळे सुरळीत असते. मग गोडे पाणी सोडले, की थोड्याच वेळात पाझर शंभरावा हिस्साही उरत नाही. आता प्रवाह उलटा फिरवा: वाट काही काळ मोकळी होते आणि पुन्हा तुंबते. माती फुगली असती, तर नुसती दिशा बदलल्याने ती ओसरली नसती. याचा अर्थ, भिंतीवरून सुटलेले कण छिद्रांच्या अरुंद गळ्यांत जाऊन अडकतात.

हे कण सुटतात ते विद्युतभारामुळे. वाळूचा कण आणि मातीचा पापुद्रा दोघेही ऋणभारित. त्यांच्यातले अपाकर्षण मिठामुळे दबलेले असते. साध्या मिठाचे प्रमाण लिटरला चारएक ग्रॅमच्या खाली उतरले, की पकड सुटते. पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झालेले कार्तिक खिलार आणि मिशिगनचे स्कॉट फॉगलर यांनी १९८०च्या दशकात हा उंबरठा दाखवून दिला. खारटपणा हळूहळू उतरवला तर कण थोडेथोडे सुटतात आणि गळ्यांतून निघून जातात. घात करतो तो अचानक झालेला बदल.

यावर कोणी म्हणेल, पोटॅशियम क्लोराइड घातले की त्रास थांबतो, तेव्हा दोष फुगण्याचाच. पोटॅशियम पापुद्र्यांमधल्या खाचांत चपखल बसून फुगवटा रोखते, हे खरेच. स्मेक्टाइटने भरलेल्या दगडात पहिला संशय रास्तही ठरतो. पण तेच मीठ केओलिनाइटलाही जागी धरून ठेवते. औषध लागू पडले म्हणून निदान बरोबर, असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेटलंडच्या पश्चिमेला क्लेअर रिज इथे २०१८पासून तेल निघते आहे, आणि तिथली योजनाच मुळी समुद्राच्या पाण्यातले मीठ कमी करून ते खडकात दाबण्याची. कमी मिठाने जास्त तेल, ही कल्पना वायोमिंगच्या नॉर्मन मॉरो यांच्या प्रयोगांतून पुढे आली. मग गोडे पाणी वैरी कसे? हे नेमके कशामुळे घडते यावर अजून वाद आहे, पण मातीला चिकटलेले तेल सुटावे आणि माती मात्र सुटू नये, एवढ्या बेताचेच पाणी तिथे हवे असते. (मुंबई हायचे तेल मुख्यतः चुनखडकात, तिथे हा झगडा असा पेटत नाही.)

मातीतलेच आणखी एक खनिज, इलाइट, तर केओलिनाइटहून खट्याळ. तेही फुगत नाही, पण छिद्रांत केसांसारखे तंतू उभे करून वाट अडवते. नमुना हवेत वाळवला की हे तंतू भिंतीला चिकटून आडवे पडतात, आणि खोल जमिनीत कंजूष असलेला दगड प्रयोगशाळेच्या टेबलावर उदार दिसू लागतो.