पायाळू गेला, डिटेक्टर आला

पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. आता पायाळूची जागा मेटल डिटेक्टरने घेतली आहे. तो घरबसल्या मागवता येतो, सॅकमध्ये मावतो. इंग्लंडातल्या बागांमधून जुनी नाणी उकरून काढणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले की त्र्यंबकेश्वरच्या सहलीलाही तो न्यावा, असं एखाद्याला वाटतं. गाव जुनं, यात्रा जुनी, मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं. म्हणजे मातीत नाणी असणारच. असतीलही. पण त्यापुढची बहुतेक माहिती ऐकीव असते आणि चुकीची असते.

पहिला समज असा, की बाग सार्वजनिक आहे, म्हणजे खणायला कुणाची आडकाठी नाही. वास्तविक सार्वजनिक जागेलाही मालक असतो: कुठे नगरपरिषद, कुठे वनखातं, कुठे देवस्थान. त्र्यंबकेश्वराचं मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. राखीव वनात जमीन फोडणं हा १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे. जवळच्या अंजनेरीच्या डोंगराला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथे मातीखाली नाणी असोत वा नसोत, डोंगराचंच नाव मिळालेल्या दुर्मीळ कंदीलपुष्पाचे कंद आहेत. बाकी, व्हिडिओतल्या त्या इंग्लंडातही जमीनमालकाच्या परवानगीशिवाय हे चालत नाही, आणि १९९६ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे ‘निधी’ ठरणारी वस्तू सापडली तर ती कळवावीच लागते. व्हिडिओत तेवढं दाखवत नाहीत.

दुसऱ्या बाबतीत दोन परस्परविरोधी समज सुखाने एकत्र नांदतात. एक म्हणतो, सापडेल त्याचं. दुसरा म्हणतो, सरकारला कळवलं की सगळंच गेलं. दोन्ही खोटे. आपल्याकडे अजून १८७८ चा निखात निधी कायदा चालतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. (दहा रुपये ही मर्यादा राणीच्या काळातली. आज चांदीचा एक रुपयाही तिच्या कितीतरी पुढे जातो.) मग जाहीर नोटीस निघते आणि चौकशी होते. निधीवर कुणाचा हक्क निघाला नाही, जागामालकाशी वाद नाही आणि वेगळा करारही नाही, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जागामालकाला, अशी वाटणी या कायद्यातच आहे. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल, तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जास्त रक्कम मोजावी लागते. दडवणाऱ्याचा मात्र हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण खरा घोटाळा वेगळाच आहे. नाण्याची किंमत नाण्यातच असते, हा तो समज.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातच, गोदावरी आणि दारणा जिथे मिळतात त्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी थोडीथोडकी नाहीत, १३,२५० च्या घरात. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. असं एक नाणं जवळून पाहिलं तर आधी टेकडीची कमानदार आकृती दिसते, आणि तिच्या कडेने नहपानाच्या चेहऱ्याचा एखादा तुकडा, एखादं ग्रीक अक्षर डोकावतं. पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने, गौतमीपुत्राने, क्षहरातांचा वंश संपवला, असं ही आई त्यात सांगते. आईने केलेली स्तुती म्हणून कुणी तो बाजूला सारला असता. पण जोगलटेंभीच्या दहातल्या सात नाण्यांनी तिच्या बाजूने साक्ष दिली.

ही साक्ष सुट्या नाण्याने दिली नसती. साठा एकत्र होता, ठसा मारलेल्या आणि न मारलेल्या नाण्यांचं प्रमाण मोजता आलं, गाव ठाऊक होतं, म्हणून ती मिळाली. तेच नाणं बागेतून उकरून कुणी पाकिटात घातलं तर उरते दोनेक ग्रॅम चांदी.

नाण्यावरून राजा कळतो, पण ते कधी पडलं हेही कळतं असं नाही. अंजनेरीलाच राजा भोगशक्तीचे आठव्या शतकाच्या सुरुवातीचे ताम्रपट सापडले. त्यांत दंडाची रक्कम सांगताना ‘कृष्णराज रूपक’ येतो. हा कलचुरी कृष्णराज सहाव्या शतकातला. म्हणजे त्याचं नाणं दीडशे वर्षांनंतरही या भागात चालत होतं. नाणं कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने पडलं आहे, हे म्हणूनच महत्त्वाचं. फावड्याच्या पहिल्या घावात थर जातो.

यंत्राविषयीही भाबडेपणा बराच आहे. नाण्याएवढी वस्तू हौशी यंत्राला साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते, आणि यंत्राला कळतो तो धातू, त्याचं वय नव्हे. सोडावॉटरच्या बाटलीचं बूच आणि शिवराई, दोन्हींना ते वाजतं. त्यात सह्याद्रीचा काळा पत्थर लोहखनिजाने भरलेला. यंत्र दगडालाही वाजतं.

लोहचुंबकाची परीक्षाही अशीच फसवी. घाटावर मुलं दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढतात. त्याला चिकटतात ती १९८८ पासून निघू लागलेली पोलादी नाणी. चांदीचा रुपया किंवा तांब्याची शिवराई चिकटत नाही. १९४७ चा निकेलचा रुपया मात्र चिकटतो.

राम-सीता किंवा मारुती असलेलं, ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं लिहिलेलं आणि तांदूळ ओढून घेणारं नाणं, हा तर निव्वळ ठगांचा धंदा. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही; ते पूजेचे टंक, तेही अलीकडचे. ‘राईस पुलर’च्या नावाखाली लोक लाखो रुपये घालवून बसतात. आणि गुप्तधनासाठी कुणी अघोरी विधी सुचवला, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

नाण्यांची खरीच ओढ असेल तर नाशिकहून त्र्यंबकला जाताना वाटेतच अंजनेरीला उतरावं. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये उभारलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय तिथे आहे. आणि पाइपलाइनच्या चरात किंवा २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या खोदकामात एखादं नाणं वर आलंच, तर ते चिंच-राखेने घासून चकचकीत करू नये. अक्षरंही झिजतात आणि नाण्यावर चढलेला काळाचा थरही जातो. आहे तसं कागदात गुंडाळावं, जागेचा फोटो काढावा आणि तहसील कचेरीत जाऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा. अर्जाची पोच मागून घ्यायला विसरू नये.